दुसऱ्या तपासणीपर्यंत

“मांडव घालायला घ्या,” बिरू अण्णा फोनवर म्हणाला, आणि मी जागच्या जागी थिजले.

आयसीयूबाहेरचा कॉरिडॉर, सकाळची वेळ, नुकतीच लादी पुसलेली, आणि हा उंचापुरा माणूस भिंतीकडे तोंड करून गावाकडच्या पोरांना सांगतोय, “दारात मोठा घाला, माणसं येतील. पांढरी कनात लावा. रंगीत नगं.” मांडव कुणासाठी, तर सख्ख्या भावासाठी. आणि तो भाऊ कुठं, तर काचेपलीकडं बेडवर. छाती वरखाली होतेय. मॉनिटरवर हिरवी रेघ उड्या मारतेय.

अरे थांबा, आधीचं सांगते, नाहीतर तुमच्याही डोक्याचा माझ्यासारखाच भुगा होईल.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत त्या हॉस्पिटलला मी नुकतीच लागले होते. को-ऑर्डिनेटर म्हणून. म्हणजे अवयवदान असतं ना, त्यात नातेवाईक, डॉक्टर, कुठला अवयव कुणाला ते ठरवणारं पुण्याचं ऑफिस, पोलीस, अँब्युलन्स, या सगळ्यांच्या मधे जी बाई धावत असते, ती मी. ट्रेनिंगला आम्हाला नाटक करून शिकवलेलं. एकानं नातेवाईक व्हायचं, एकानं को-ऑर्डिनेटर. माझा नातेवाईक झालेला तो लातूरचा मुलगा इतका छान रडला होता, आणि मी त्याला इतकं छान समजावलं होतं, की मॅडमनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेवढ्या टाळ्यांच्या जोरावर मी मिरजेत आले होते.

रेवणसिद्ध कोळेकर ही माझी पहिलीच केस. कवठेमहांकाळच्या बाजूचं गाव. दोघा भावांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात वरची बल्ली बांधत होता, सुतळी तुटली आणि हा थेट डोक्यावर आला. दोन दिवस आमच्या डॉक्टरांनी सगळं करून बघितलं. त्या सकाळी पहिली तपासणी झाली, मेंदू बंद पडलाय का ते बघायची.

आता इथेच मेख आहे, नीट ऐका. मेंदू पूर्ण थांबलाय हे दोनदा तपासायचं असतं. मधे निदान सहा तास जाऊ द्यायचे. दुसऱ्या वेळीही तेच निघालं, तरच माणूस गेला असं कायदा मानतो. पहिल्या तपासणीनंतर डॉक्टर मगदूम सर बाहेर आले आणि बिरू अण्णाला म्हणाले, “मेंदूचं काम पूर्ण थांबलंय. आता आमच्या हातात काही नाही. दुपारी परत एकदा तपासू.” पहिली दोन वाक्यं अण्णाच्या कानात शिरली. तिसरं तिथंच लादीवर पडून राहिलं.

तो डोळे पुसत माझ्याकडे आला. म्हणाला, “ताई, गणपतीला आमच्या मांडवात ते डोळे दान करायचं शिबिर असतंय. रेवण फॉर्म भरत असायचा लोकांचे. त्याचं काय कुणाला उपेगी पडत आसंल तर घ्या.”

अरे, मी न विचारता! ट्रेनिंगला शिकवलेलं एकही वाक्य न वापरता! आतून मी इतकी हुरळले की मला माझीच लाज वाटली. तरी पुण्याला फोन लावलाच. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “छान. हृदयासाठी इथे एक जण थांबलेलाच आहे. दुसरी तपासणी झाली आणि सही झाली की लगेच सांग, टीम निघेल.” मी फोन ठेवते न ठेवते तोच हे मांडवाचं ऐकलं.

“अण्णा, अण्णा, मांडव नका सांगू इतक्यात.”

“का?”

“अजून… म्हणजे एक तपासणी बाकी आहे.”

त्यानं फोन छातीशी धरला. “म्हंजे गेला न्हाई?”

“नाही, म्हणजे गेलेत. मेंदू गेलाय. पण अजून कागदावर…”

“ताई, एक काय ते सांगा. गेला, का हाय?”

आता तुम्हीच सांगा, काय सांगायचं? मी “आलेच” म्हणाले आणि पळाले. मगदूम सर नोट्स लिहीत होते.

“सर, पहिल्या तपासणीनंतर माणूस गेला असं म्हणायचं की नाही?”

“वैद्यकीयदृष्ट्या की कायद्यानं?”

“घरी मांडव घालायचा की नाही, त्यादृष्टीनं.”

सरांनी चष्मा काढला. “संयोगिता, तू नाष्टा केलायस का?”

“सर, खरंच. त्यांचा भाऊ घरी मांडव घालायला लावतोय.”

“त्याला म्हणावं थांब.”

“म्हणजे अजून जिवंत आहेत असं सांगू?”

“नाही! तसं अजिबात सांगू नकोस. उगाच आशा लागते.”

“मग गेलेत असं सांगू?”

“तसंही नको. अजून जाहीर झालेलं नाही.”

“मग काय सांगू?”

सरांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, “दुपारपर्यंत काही सांगू नकोस.” आणि परत लिहायला लागले. बोला.

बाहेर आले तर बाकावर मालन वहिनी बसलेल्या. रेवणची बायको. मांडीवर त्याचा टॉवेल, घडी घातलेला. दोन दिवस ती बाई तिथंच होती. बोलायचं असलं की आम्ही बिरू अण्णाशी बोलायचो. डॉक्टर, पोलीस, मीसुद्धा. वहिनी तशा बाकावरच, आमच्या सगळ्यांच्या बोलण्याखाली बसल्यासारख्या.

मी जवळून जाताना त्यांनी माझी ओढणी धरली.

“ताई, जाऊबाईंचा फोन आलता.”

“काय म्हणाल्या?”

“कुंकू पुसलं का, इचारत्यात.” कपाळावर त्यांचं कुंकू होतं, घामानं जरा ओघळलेलं. “पुसू का ठेवू?”

एमएसडब्ल्यूला दोन वर्षं घातली मी. समुपदेशनाचे तीन पेपर दिले. कुठल्याच पेपरात हा प्रश्न नव्हता, शपथ. मी आपली म्हणाले, “थांबा. दुपारपर्यंत थांबा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. एसटी दुपारची आहे असं कुणीतरी सांगावं तसं. आणि टॉवेल उलगडून परत घडी घालायला लागल्या.

दुपार व्हायच्या आत आक्का आली.

आक्का म्हणजे रेवणची आई. रेवणला जरा लागलंय, यापलीकडे तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं! बिरू अण्णानं ठरवलेलं, म्हातारीला माणसं पाठवून सावकाश सांगायचं. पण पोरं टेम्पो घेऊन गेली आणि तिच्याच दारात बल्ल्या उतरवायला लागली. ती भाकरी थापत होती. बाहेर येऊन विचारलं, कुणाचं लगीन रं? पोरं खाली माना घालून उभी. ती काय ते समजली, तशीच जीपमध्ये बसली. परातीतलं पीठ अजून हाताला वाळलेलं होतं, मी बघितलंय.

आली ती सरळ काचेपाशी. नाक काचेला लावून उभी राहिली. खूप वेळ. मग वळली आणि बिरूच्या कानाखाली जी लगावली, तो आवाज सगळ्या कॉरिडॉरला ऐकू गेला.

“छाती हालतीया की रं त्याची! जित्या भावाचा मांडव घालतोस?”

“आय, डॉक्टरनी सांगितलं…”

“काय सांगितलं? मेला म्हनून सांगितलं?”

बिरू अण्णानं माझ्याकडे बघितलं. पन्नाशीचा माणूस हो. गालावर पिठाची बोटं उमटलेली, डोळ्यात पाणी. “ताई, तुम्ही सांगा की आयला.”

आक्का माझ्यासमोर आली. माझ्या खांद्याएवढी होती. पण मला वाटलं मीच तिच्याकडे खालून बघतेय.

“तू कोन गं?”

“मी इथली… मी संयोगिता.”

“माझं लेकरू मेलं का?”

“आक्का, बसा ना जरा. दुपारी परत एक तपासणी आहे, त्यानंतर…”

“त्यानंतर मरनार हाय?”

“नाही, तसं नाही…”

“मग दुपारी मरनार हे तुला आत्ताच कसं ठावं?”

हसू नका रे. मलाही आत्ता सांगताना हसू येतं, पण तेव्हा नाही आलं. कारण त्या बाईचं एकही वाक्य चूक नव्हतं. मी मशीनचं सांगितलं, मशीन हवा आत ढकलतंय म्हणून छाती हलते, तो स्वतः श्वास घेत नाही. ती म्हणाली, “मग हिरवं काय नाचतंय?” मी म्हणाले, ते हृदय. हवा मिळतेय तोवर थोडा वेळ चालतं. ती म्हणाली, “चालतंय न्हवं? मग मेला कसा?”

मधेच बिरू अण्णाला कुठून बुद्धी सुचली देव जाणे, म्हणाला, “आय, त्याचं काळीज, मूत्रपिंडं, दुसऱ्या कुनाला लावायचं म्हनत होतो मी.”

आक्का एकदम शांत झाली. आरडाओरडा परवडला असता. हळू आवाजात, माझ्याकडे बघूनच बोलायला लागली. “आत्ता ध्यानात आलं. दुपारी तुम्ही आत जानार. आतनं मेला म्हनून सांगनार. मग चालू काळीज काढून घेनार, तवा ते थांबनार. म्हंजे मारनार तुम्ही, आन वर आमचा अंगठा. आईनंच मारलं म्हंत्याल लोक. मी म्हनीन. रोज म्हनीन.”

खिशात फोन वाजत होता. पुण्याच्या मॅडम. “काय गं, काय परिस्थिती? हो आहे ना?”

“हो. म्हणजे नाही. म्हणजे आधी हो होतं.”

“संयोगिता, इथे माणसं ताटकळलीत. हो की नाही?”

“मॅडम, इथेसुद्धा सगळे मला हेच विचारतायत,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. नोकरी गेली असंच धरून चालले.

खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःलाच कळेना. काचेतून बघितलं की मला पण तो जिवंत वाटायचा. गाल तुकतुकीत, दाढीचे खुंट, उद्या उठून बल्ल्या मोजायला लागेल असा. फाईल उघडली की मेलेला. मी दोन-तीनदा असं केलं, काच, फाईल, काच, फाईल. मग परत आक्कापाशी गेले आणि तोंडातून निघून गेलं, “आक्का, तुम्ही आत येता का? तपासणीला?”

“मी बघू?”

“तुम्हीच बघा.”

मगदूम सर माझ्यावर असे उखडले! “वेडी झालीस का? मशीन सोडवल्यावर कधीकधी हातपाय हलतात. पाठीच्या मणक्यातून येतं ते, मेंदूचा संबंध नसतो. आम्ही डॉक्टर असून पहिल्यांदा बघताना दचकतो. आईनं ते बघितलं तर? आयुष्यभर तिला वाटेल आपण पोराला गुदमरवलं.”

“सर, ते तर तिला आत्ताच वाटतंय.”

सरांनी फाईल मिटली. मग म्हणाले, “तू तिच्याजवळ उभी राहायचं. पडली तर तू धरायचं.”

“हो सर.” मला कोण धरणार, हे विचारायचं राहिलं.

दुपारी मेंदू थांबल्याचं जाहीर करणाऱ्या समितीचे डॉक्टर आले. सकाळी झालं ते सगळं परत झालं, डोळ्यात बॅटरी मारली, कानात गार पाणी घातलं, नळी हलवून खोकला येतो का बघितलं. आक्का पायाशी उभी, मी तिच्या शेजारी. तिला अंगात घालायला दिलेला हिरवा गाऊन लादीवर लोळत होता. मगदूम सरांनी तिला समोर घेतलं. चांगले आहेत हो सर, उगाच रागावतात. म्हणाले, “आक्का, आता हे मशीन मी बाजूला करणार. प्राणवायूची बारीक नळी आत राहील, तो कमी पडू देणार नाही. तुम्ही फक्त छातीकडे बघा. स्वतःहून एक श्वास जरी घेतला, तरी मी लगेच मशीन लावणार, आणि तो जिवंत आहे असं सगळ्यांना सांगणार. एक जरी घेतला तरी. शब्द देतो.”

मशीन सोडलं. दोन दिवस चाललेला तो फुस्स-फुस्स आवाज एकदम बंद झाला. त्या खोलीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

छाती थांबली.

आक्का वाकली. “रेवण,” ती म्हणाली. “ए रेवण्या. घे की.”

हिरवी रेघ चालूच. छाती नाही.

“घे रं बाळा. एकच घे. साहेबांनी शब्द दिलाय.”

मी माझा श्वास धरून ठेवला होता आणि मला कळलंच नव्हतं. मग मला तो सोडावा लागला, दुसरा घ्यावा लागला, परत धरला, परत सोडला. त्याची छाती तशीच. आणि तेवढ्यात त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. अगदी स्पष्ट. चादर हलली.

मी आक्काचा दंड गच्च पकडला. मगदूम सर घाईघाईनं म्हणाले, “आक्का, हे मणक्यातून…”

“कळतंय मला,” आक्का म्हणाली. मान वर न करता. “मेंढरू कापल्यावर पाय झाडतंय की. जल्म गेला मेंढरांत. पायाकडं न्हाई बघत मी, छातीकडं बघतीया.”

आणि ती बघत राहिली. तेवढ्या वेळात एकदाही डोळ्याला पदर लावला नाही, कारण लावला असता तर तेवढा क्षण दिसलं नसतं. मगदूम सरांनी रक्त काढून तपासायला दिलं, घड्याळाकडे बघितलं, दुसऱ्या डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी माना हलवल्या. मशीन परत लावलं. छाती परत वरखाली व्हायला लागली, अगदी सकाळसारखी.

“आता ही मशीन हालवतीया,” आक्का म्हणाली.

“हो,” मगदूम सर म्हणाले.

“व्हय. बघितलं मी.”

बाहेर आलो. बिरू अण्णा उभाच होता. गाल चोळायचंही त्याच्या लक्षात नव्हतं. विचारायची हिंमत होईना त्याला. आक्कानंच सांगितलं.

“गेला रं.”

बिरू मटकन खाली बसला. रडायला लागला, पण रडता रडताच त्यातला थोरला भाऊ जागा होता, म्हणाला, “आय, गावात काय सांगू? सकाळी गेला म्हनू, का काल, का…”

“आत्ता. माझ्याम्होरं. इचारलं कुनी तर आईम्होरं गेला म्हन.”

मालन वहिनी बाकावरून उठल्या होत्या. टॉवेल दोन्ही हातांत. रडत नव्हत्या. आक्काकडे बघत होत्या फक्त.

आता माझी पाळी. कायद्यानं आता विचारायला हरकत नव्हती. पुण्याचा फोन खिशात थरथरत होता. आणि मला विचारता येईना. ट्रेनिंगला पाठ केलेली सगळी वाक्यं डोक्यात एकमेकांवर आपटत होती, एक बाहेर येत नव्हतं. मी बिरू अण्णाकडे बघितलं, तो खाली बसलेला. म्हणून आक्काकडे वळले.

“आक्का… ते सकाळी अण्णा म्हणाले होते… म्हणजे तुम्हाला जर… आता रेवण भाऊ…”

“मला काय इचारतीस?” आक्का म्हणाली. “माझं बघून झालं. हिला इचार की. न्हवरा हिचा.”

आणि आम्ही सगळे मालन वहिनींकडे वळलो. बिरू अण्णा, मी, मागं दारात उभे असलेले मगदूम सर. सही त्यांचीच लागणार हे मला पक्कं माहीत होतं, फाईलवर खूण करून ठेवली होती. सही कुठं करायची ते दाखवायची तयारी होती माझी. विचारायची नव्हती, कळतंय का तुम्हाला?

“वहिनी,” मी म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?”

त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग बिरू अण्णाकडे, मग परत माझ्याकडे.

“दोन दिस झाले,” त्या म्हणाल्या. “सगळी येत्यात, भाऊजींस्नी इचारत्यात, जात्यात. मी म्हनायचे, आता इचारतील, आता इचारतील.”

बिरू अण्णानं मान खाली घातली.

“शिबिरात माझा पन फॉर्म त्यांनीच भरलाय,” त्या म्हणाल्या. “‘तुझं माझं सगळं देऊन टाकू, आपल्याला काय वर न्यायचंय’ म्हनले. मी म्हनले, आदी माझं. तर म्हनले, बघू.” त्यांनी टॉवेलची घडी परत एकदा नीट केली. “द्या. सगळं द्या. पन मला एकदा आत जाऊ दे. एकटीला. ते चालू हाय तवर.”

मगदूम सर दारातून बाजूला झाले.

वहिनी आत गेल्या. मी काचेतून बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. त्यांनी टॉवेलनं त्याचं तोंड पुसलं, कपाळ, गळा, कानामागं, पोराचं पुसावं तसं. मग टॉवेल उशाशी ठेवला. त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि त्यावर कान टेकला. तशाच राहिल्या. त्यांचं डोकं मशीनबरोबर वरखाली होत होतं. काय ऐकत होत्या ते त्यांनाच माहीत.

फोन परत वाजला. मॅडमचं नाव. मी तो वाजू दिला. बिरू अण्णानं खालून माझ्याकडे बघितलं, त्याला वाटलं असेल ही घेत का नाही.

मग दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या. एका बाजूचा गाल दाबून लाल झालेला, कुंकू त्या बाजूला फिसकटलेलं. सरळ माझ्यापाशी आल्या.

“आजून चालू हाय,” त्या म्हणाल्या. “बिगीनं करा.”